पहिला वर्ल्ड कप खाणीतल्या पोरांनी जिंकला होता, हे खरं का?

पंक्चर_सायकल:

नमस्कार मंडळी. घरच्या ग्रुपवर मेव्हण्याने एक फॉरवर्ड टाकलाय. त्यात म्हटलंय की फुटबॉलचा पहिला वर्ल्ड कप १९३० चा नाही, १९०९ चा. तो इटलीत झाला आणि जिंकला कुणी, तर इंग्लंडमधल्या वेस्ट ऑकलंड नावाच्या खेड्यातल्या कोळसा खाणीच्या कामगारांनी. पुढच्या वेळी तर त्यांनी इटलीतल्या बड्या ज्युव्हेंटस क्लबला सहा गोल घातले म्हणे. आणि हे लोक तिथे पोचले कसे? आमंत्रणाचं पत्र जायचं होतं लंडनच्या बड्या आर्सेनल क्लबला, चुकून गेलं यांना!

मी म्हटलं, थापा. मेव्हणा म्हणाला, लाव पैज. दोन मिसळ आणि दोन ताक.

तुमच्यापैकी बरेच जण तिकडे राहतात. कुणाला नक्की माहिती आहे का? मेव्हण्यापुढे हरायचंच असेल तर निदान सगळं समजून उमजून हरावं म्हणतो.

बिनबुडाचा_लोटा:

पहिला विश्वचषक १९३०, उरुग्वे, आणि यजमानच जिंकले. शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल. फॉरवर्ड वाचून पैजा लावायचं वय गेलं आता आपलं. मिसळ वसूल करा आणि झोपा.

पेठेतली_पाहुणी:

सायकलभाऊ, मिसळ एवढ्यात मागवू नका. एक प्लेट तुमची, एक मेव्हण्याची.

मी त्या गावापासून गाडीने पंधरा मिनिटांवर राहते. काम फिजिओथेरपिस्टचं, माहेर कोल्हापूर, शिवाजी पेठ. त्यामुळे फुटबॉल कुणी शिकवायची गरज पडली नाही, तो गांधी मैदानाच्या धुळीबरोबरच नाकात गेला. इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार व्हायचा आणि शनिवार-रविवार अंगावर यायचे. माझ्याकडे गुडघे दाखवायला येणारे एक आजोबा होते, तरुणपणी खाणीत काम केलेले. ते म्हणाले, ‘पोरी, घरात कसली बसतेस, शनिवारी तीन वाजता डार्लिंग्टन रोडला ये, मॅच आहे.’ गेले. एक स्टँड, चहाची टपरी, मैदानाभोवती रेलिंग आणि रेलिंगला टेकून लाइन्समनला नावाने हाक मारून शिव्या घालणारी म्हातारी माणसं. भाषा कळायला वर्ष लागलं (डरहॅमकडची इंग्रजी ही इंग्रजी नाहीच, असं माझं ठाम मत आहे), पण सूर पहिल्याच मिनिटाला ओळखला. आपल्या शाहू स्टेडियमचाच तो!

तर आता तुमचा फॉरवर्ड.

१९०९ आणि १९११ अशी दोन वर्षं इटलीत ट्युरिनला एक स्पर्धा झाली. कप दिला होता सर थॉमस लिप्टन यांनी. इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड इथले चांगले क्लब आले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला मात्र यात पडायचं नव्हतं, त्यांनी संघ द्यायला नकार दिला. लिप्टन पडले ग्लासगोचे. आपल्या नावाच्या स्पर्धेत ब्रिटनचा संघच नसावा हे त्यांना काही रुचेना. मग कुठून तरी वेस्ट ऑकलंड निघालं. डरहॅम परगण्यातलं खेडं, पोरं खाणीत खपणारी, नॉर्दर्न लीगमध्ये खेळणारा हौशी संघ. लीगमध्ये त्या वर्षी काही दिवे लावले नव्हते, तळाकडेच होते.

१९०९ च्या ईस्टरला हे लोक ट्युरिनला गेले. आधी स्टुटगार्टचा एक संघ होता, त्याला २-० हरवलं. मग फायनलला स्वित्झर्लंडचा विंटरथूर, त्यालाही २-०. दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी झ्युरिकला २-० आणि फायनलमध्ये ज्युव्हेंटसला ६-१. लागोपाठ दोनदा जिंकल्यामुळे कप कायमचा त्यांचा झाला. मेव्हण्याचा आकडा बरोबर आहे.

पण ‘वर्ल्ड कप’ म्हणायचं का? मी नाही म्हणणार. एकेका वर्षी चार संघ, तेही क्लब, देशांचे नव्हेत, आणि युरोपाबाहेरचं कुणीच नाही. शिवाय १९०८ ला त्याच ट्युरिनमध्ये अशीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊन गेली होती, ती जिनिव्हाच्या सर्व्हेटने जिंकली. म्हणजे ‘पहिला’ही नाही. आता गावात जाऊन हे मोठ्याने बोलायची माझी छाती नाही. तिथे तो फर्स्ट वर्ल्ड कपच आहे, आणि २०१३ मध्ये गावाच्या हिरवळीवर पुतळाही उभा राहिलाय. कोल्हापुरात उभं राहून ‘तांबडा रस्सा काही खास नसतो’ म्हणण्यासारखं आहे ते.

आर्सेनलच्या पत्राचं खाली सांगते, आत्ता कुकरची तिसरी शिट्टी झाली.

पंक्चर_सायकल:

ताई, जेवण झालं की या. तोवर दोन शंका. एक, लिप्टन म्हणजे तो चहावाला लिप्टन? दोन, तो कप आता कुठे आहे? म्हणजे मेव्हण्याला फोटो दाखवता येईल.

बिनबुडाचा_लोटा:

ज्युव्हेंटसला ६-१? खाणकामगारांनी? हे लिहिणाऱ्याने ज्युव्हेंटस बघितलीय का कधी?

पेठेतली_पाहुणी:

लोटेभाऊ, १९११ चं ज्युव्हेंटस म्हणजे आजचं नव्हे. १८९७ मध्ये ट्युरिनच्या शाळकरी पोरांनी काढलेला क्लब तो. आधी गुलाबी शर्ट घालायचे. मग १९०३ मध्ये इंग्लंडमधून नवे शर्ट मागवले, तर नॉटिंगहॅमच्या नॉट्स काउंटीचे काळे-पांढरे पट्टे आले, तेच आजवर चालू आहेत. फुटबॉल तेव्हा ब्रिटिशांची घरची भाकरी होती, बाकीचे अजून शिकत होते. ६-१ चा विजय खरा आहे, पण त्याचं वजन त्या काळाच्या तराजूत करायचं.

सायकलभाऊ, हो, तोच लिप्टन. किराणा दुकानांपासून सुरुवात, मग सिलोनात चहाचे मळे, मग बोटींच्या शर्यतींचा नाद. अमेरिकाज कपसाठी पाच वेळा उतरला, पाचही वेळा हरला. स्वतःला कप मिळेना म्हणून दुसऱ्यांना वाटत सुटला की काय कोण जाणे. गंमत म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या बोलणीला ‘लिप्टन’ काढणारी घरं होती, आणि त्याच्या स्वतःच्या देशात आज लिप्टनचा चहा फारसं कुणी पीत नाही.

आता पत्राची गोष्ट. वेस्ट ऑकलंड म्हणजे डब्ल्यू. ए., आणि तेव्हाचं आर्सेनल म्हणजे वुलिच आर्सेनल, तेही डब्ल्यू. ए. म्हणून पत्र चुकलं, अशी ती कथा. ऐकायला झकास, पुरावा शून्य. दुसरं म्हणणं असं की लिप्टनच्या नोकरीतल्या कुणाचे तरी नॉर्दर्न लीगशी संबंध होते, त्याने नाव सुचवलं. मला हे जास्त पटतं. आपल्याकडेही बाहेरगावच्या स्पर्धेचं आमंत्रण कसं यायचं? आयोजकाचा मावसभाऊ आपल्या गल्लीत राहायचा म्हणून.

१९०९ च्या संघातला एक माणूस सांगायलाच हवा. जॅक ग्रीनवेल. तो मुळात वेस्ट ऑकलंडचा नव्हेच, इथून जवळच्या क्रूक गावचा. क्रूक टाउनकडून खेळायचा, पाहुणा म्हणून वेस्टबरोबर ट्युरिनला गेला. हाही खाणीतलाच. १९१२ मध्ये बार्सिलोनाकडून खेळायला गेला आणि पुढे वर्षानुवर्षं बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता. १९३९ मध्ये पेरूने दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, तेव्हा पेरूचा प्रशिक्षक कोण? हाच. क्रूक म्हणजे किती मोठं, तर एक बाजारपेठ आणि चार रस्ते. आमच्या पेठेत माणसं जास्त असतील.

आणि हा सगळा टापूच असा आहे. बिशप ऑकलंडने हौशी संघांचा राष्ट्रीय कप, एफए अमॅच्युअर कप, दहा वेळा जिंकला. क्रूकने पाच वेळा. १९५४ ची फायनल या दोघांतच होती. दोन गावांत जेमतेम पाच-सहा मैल अंतर, आणि बघायला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एक लाख माणूस! २-२. दुसरी न्यूकॅसलला, तीही २-२. तिसरी मिडल्सबरोला, तेव्हा क्रूक १-० ने सुटलं. १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू गेले, तेव्हा युनायटेडला हात द्यायला तीन खेळाडू या बिशप ऑकलंडमधून गेले होते. कोल्हापुरातल्या पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या फुटबॉल संघांमध्ये वाढलेल्या माणसाला हे सगळं फार ओळखीचं वाटतं. तिथे तालमीभोवती, इथे खाणीभोवती. खाणी साठीच्या दशकापर्यंत बऱ्याचशा मिटल्या, संघ मात्र राहिले.

‘हौशी’ या शब्दावर फार जाऊ नका बरं का. कागदावर बिनपगारी, पण मॅचनंतर बुटात नोट सापडायची. सगळ्यांना माहीत होतं. शेवटी १९७४ मध्ये असोसिएशननेच हौशी आणि व्यावसायिक हा भेद काढून टाकला. पण १९०९ च्या पोरांच्या बुटात कुणी काही घातलं नव्हतं, उलट त्यांच्याच खिशातून गेलं. खाणीत दिवस भरला तर मजुरी, नाहीतर नाही. ट्युरिनला जायचं म्हणजे रजा बिनपगारी आणि प्रवासाचा खर्च वर. काहींनी घरातल्या वस्तू विकून, गहाण ठेवून पैसे उभे केले.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कप जिंकून आणला पण क्लब कर्जात. मग गावातल्या व्हीटशीफ हॉटेलची मालकीण, मिसेस लँचेस्टर, तिच्याकडे कप तारण ठेवून ४० पौंड घेतले. खाणकामगाराची कित्येक महिन्यांची मजुरी होती ती. पुढे क्लबला ते पैसे काही फेडता आले नाहीत आणि कप बाईकडेच राहिला. ती नंतर लिव्हरपूलला गेली, कपही गेला. मध्ये दोन महायुद्धं झाली. १९६० मध्ये गावातल्या लोकांनी तिचा पत्ता काढला, १०० पौंड दिले आणि कप सोडवून आणला. गंमत बघा, पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, संघ अमॅच्युअर कपच्या फायनलला वेम्बलीवर पोचला. हरला म्हणा, वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूकडून २-१.

कप ठेवला कुठे, तर गावातल्या वर्किंग मेन्स क्लबमध्ये. म्हणजे कामगारांचा क्लब, स्वस्त बिअर आणि पत्त्यांचे डाव. जानेवारी १९९४ मध्ये तो तिथून चोरीला गेला आणि आजतागायत सापडलेला नाही. आता आहे ती प्रतिकृती. मेव्हण्याला फोटो दाखवाल तो बहुधा तिचाच असेल.

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही गहाणाची गोष्ट मला त्या गुडघेवाल्या आजोबांनी सांगितली, तेव्हा मी त्यांचा पाय हातात धरून तशीच बसले. आमच्या घरात हीच गोष्ट आहे, फक्त कपाशिवाय. १९८४ साल. बाबा उद्यमनगरात लेथवर होते आणि पेठेतल्या एका संघात लेफ्ट बॅक खेळायचे. मुंबईच्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. वर्गणी काढली, ती एसटीच्या भाड्यातच संपली. अर्ध्या पोरांना धड बूट नव्हते. बाबांनी आईच्या पाटल्या गुजरीत सराफाकडे नेऊन गहाण ठेवल्या. आईला सांगून नेल्या की न सांगता, यावर घरात आजही दोन मतं आहेत. मुंबईत पहिल्याच मॅचला ३-० मार खाल्ला आणि रात्रीच्या गाडीने परत. दीड वर्षाने हिशोब झाला तेव्हा एक पाटली मोडली आणि त्या पैशांत दुसरी सुटली. आई ती एकच पाटली हिरव्या बांगड्यांच्या मागे घालते. दुसऱ्या हातात नुसत्या बांगड्या.

बाबा शनिवारी रात्री फोनवर पहिला प्रश्न विचारतात, ‘वेस्टचं काय झालं?’

निवृत्त_कॅशियर:

वाचून हात शिवशिवले म्हणून मध्येच तोंड घालतो. पस्तीस वर्षं बँकेत सोनेतारण बघितलंय.

मुद्दल ४० पौंड, दिले १०० पौंड, म्हणजे व्याज ६०. मुदत १९१२ ते १९६० धरली तर ४८ वर्षं. सरळव्याजाने द.सा.द.शे. ३.१२५. चक्रवाढीने तर दोन टक्क्यांच्याही आत बसतं. मधल्या काळात महागाईने पौंड इतका झिजला होता की बाईला खरं तर तोटाच झाला. वर ४८ वर्षं कप घासून-पुसून ठेवायचा! आमच्या बँकेने हे प्रकरण पहिल्या वर्षीच लिलावात काढलं असतं.

पाटल्यांचं वाचून वाईट वाटलं, ताई. १९८४ चा गुजरीचा दर मात्र इथे काढायला नको.

बिनबुडाचा_लोटा:

१९०८ च्या सर्व्हेटचं मला माहीत नव्हतं. मान्य. पण म्हणजे मी बरोबरच होतो ना, वर्ल्ड कप नव्हताच तो!

पंक्चर_सायकल:

लोटेसाहेब, तुम्ही ‘१९०९ मध्ये काही झालंच नाही’ अशा सुरात होतात. मिसळीत वाटा मागू नका.

ताई, मेव्हण्याला अख्खा धागा पाठवला. त्याचं म्हणणं, कप खरा, स्पर्धा खरी, ६-१ खरं, पत्र तेवढं खोटं, म्हणजे चारात तीन त्याचे. एक मिसळ आणि दोन ताकांवर तडजोड झाली. तो आता विचारतोय, हा क्लब अजून आहे का? आणि ज्युव्हेंटसशी पुन्हा कधी खेळले का?

पेठेतली_पाहुणी:

आहे की! अजूनही नॉर्दर्न लीगमध्येच. ही लीग १८८९ ची, जगातली दुसऱ्या क्रमांकाची जुनी. एफए व्हाज म्हणून छोट्या क्लबांचा कप असतो, त्याच्या फायनलला वेस्ट २०१२ आणि २०१४ अशी दोनदा वेम्बलीवर गेली. दोन्ही वेळा हरली. आधी डन्स्टनकडून २-०, मग शोलिंगकडून १-०. म्हणजे वेम्बलीवर तीनदा गेले, तीनदा हात हलवत आले. ट्युरिनला मात्र दोनदा गेले आणि दोन्हीदा जिंकून आले. आमच्या आजोबांच्या मते दोष वेम्बलीच्या गवताचा आहे.

ज्युव्हेंटसशीही खेळले. २००९ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून पुन्हा ट्युरिनला गेले होते, ज्युव्हेंटसच्या तरुण पोरांशी मॅच झाली. निकाल विचारू नका. ६-१ चा वचपा निघाला एवढंच सांगते.

गावाबद्दल मेव्हण्याला अजून एक खुराक द्या. फुटबॉलआधी हे गाव प्रसिद्ध होतं ते मेरी ॲन कॉटनमुळे. या बाईने जवळच्या माणसांना आर्सेनिक घालून मारलं, १८७३ मध्ये डरहॅमच्या तुरुंगात फाशी गेली. हिरवळीसमोरच तिचं घर. गावकरी पाहुण्यांना आधी कपाचं सांगतात, मग दुसऱ्या बिअरनंतर तिचं.

कॅशियरकाका, तुमचं गणित आज सकाळी आईला फोनवर वाचून दाखवलं. आधी तिला सगळी गोष्ट सांगावी लागली, चाळीस पौंड, हॉटेलवाली, लिव्हरपूल वगैरे. ती मटार सोलत होती. मध्येच थांबली.

‘व्याज किती लावलं म्हणालीस?’

म्हटलं, शेकड्याला तीन. वर्षाचं.

‘वर्षाचं? महिन्याचं न्हवं?’

वर्षाचं, आई.

बराच वेळ नुसता मटारांचा आवाज. मागून बाबा कुणाला तरी पोरांच्या नव्या जर्सीच्या वर्गणीचं सांगत होते, चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तालमीच्या पोरांचा हिशोब त्यांच्याच वहीत असतो. आईने तेही ऐकलं असणार, कारण एकदम आवाज खाली आणून म्हणाली, ‘त्या बाईच्या घरचं कोण असलं तिकडं, तर नंबर घिऊन ठेव.’